गोंधळी शाळेत मुक्कामाला आले तर...
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत. आठवणी सकाळपासून भरपूर झाल्या, त्यामुळे मी एक प्रस्ताव मांडणार आहे. त्यासाठी सुरुवात मात्र जरा लांबून, आयर्लंडहून करावी लागेल.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कार्ना नावाचे खेडे आहे. तिथे १९१९ साली जो हीनी नावाचा गायक जन्मला. त्यांच्याकडे ‘शॅन-नोस’ म्हणजे ‘जुनी रीत’ नावाची गायकी आहे. साथीला वाद्य नाही, एकट्याने गायचे, आणि गाण्यामागची हकिगतही सांगायची. शेकडो गाणी त्याला घरातून आणि शेजारपाजारातून मिळाली. पण गाण्यावर पोट भरेना. तो देश सोडून गेला आणि पुढे न्यूयॉर्कच्या एका इमारतीत दरवान म्हणून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दार उघडणाऱ्या या माणसाजवळ काय ठेवा आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

ते ओळखले एका विद्यापीठाने. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जगभरचे संगीत शिकवणारा विभाग आहे. तिथे अशा कलावंतांना मुक्कामाला बोलावतात. कलावंताची पदवी विचारत नाहीत. तो तिथे राहतो, मुले त्याच्यापाशी बसून शिकतात, त्याला मानधन मिळते आणि त्याचे गाणे ध्वनिमुद्रित होते. आपल्याकडे पूर्वी शिष्य गुरूच्या घरी राहायला जाई. इथे गुरूच शिष्यांकडे राहायला येतो, एवढाच फरक. आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभे करणारे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनीही याच विद्यापीठात शिकवले आहे.

हीनी १९८२ मध्ये तिथे राहायला आले आणि १ मे १९८४ रोजी सिएटलमध्येच वारले. म्हणजे जेमतेम दोन वर्षे मिळाली. पण त्यांचा आवाज आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी त्या विद्यापीठाच्या संग्रहात जपल्या गेल्या. ज्या कार्नाहून ते पोटासाठी बाहेर पडले, तिथे आता त्यांच्या नावाने उत्सव भरतो. ती दोन वर्षे मिळाली नसती, तर बरेच काही त्यांच्याबरोबर गेले असते.

आता आपल्याकडे वळतो. १९८४ हे आपल्या दहावीचे साल. आपल्या शाळेच्या एका अंगाला माहूरची रेणुका आणि दुसऱ्या अंगाला तुळजापूरची भवानी. रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई, भवानीचे ते कदमराई. नांदेड-लातूरच्या या पट्ट्यात दोन्ही परंपरा नांदल्या. लग्नानंतर घरी गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरे झाले असे आपल्या आया मानत नसत. अंगणात धान्याचा चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची. मग कमरेला बांधलेला संबळ, तुणतुणे आणि झांज. आधी गावोगावच्या देवदेवतांना नावाने बोलावणे आणि नंतर पहाटेपर्यंत आख्यान. एकच माणूस गातो, निवेदन करतो, सोंग वठवतो, आणि जोडीदार त्याला प्रश्न विचारून कथा पुढे नेतो. कागद कुठेच नाही. सगळे तोंडपाठ.

आणि आपण शाळेत ‘गोंधळ’ हा शब्द कोणत्या अर्थाने ऐकला? ‘गोंधळ घालू नका!’ वर्ग हसायचा. आपल्यातला एक जण मात्र तेव्हा मान खाली घालायचा, कारण त्याचे वडील खरोखरच गोंधळ घालत. तो आज इथे बसला आहे. त्याला विचारूनच मी हे बोलतो आहे. तो शिकला, नोकरीला लागला, मुलांना शिकवले. भटक्या जमातीतल्या घराने हे मिळवले, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण त्याच्या घरी संबळ आता खुंटीला आहे. वडील ऐंशीच्या पुढे गेले आहेत. रात्रभराचे आख्यान त्यांना अजून पाठ आहे. घरात ते दुसऱ्या कोणालाही येत नाही.

कोणी म्हणेल, गोंधळ हा देवीचा विधी, तो वर्गात कसा आणायचा? शंका रास्त आहे. विधी अंगणातच राहू द्या. पण संबळाचा हात, आख्यान रचण्याची रीत, जोडीदाराशी चालणारा संवाद हे शिकवता येते. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे रीतसर शिक्षण मिळते. लोकशाहीर विठ्ठल उमप तर १९८३ मध्ये थेट आयर्लंडमधल्या कॉर्कला जाऊन गाऊन आले. आपले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले, आणि लिमरिक विद्यापीठात आयरिश संगीत-नृत्याची संस्था सुरू झाली तीही १९९४ मध्येच. आपल्या विद्यापीठाकडे लातूरला उपपरिसर आहे. तिथे हा विषय मांडायला आपण जाऊच. पण विद्यापीठाचे ठराव होईपर्यंत ऐंशीच्या पुढचा माणूस थांबेल का?

म्हणून सुरुवात शाळेपासून करू. माझा प्रस्ताव असा. दिवाळीनंतर पंधरा दिवस दोन गोंधळ्यांना शाळेत मुक्कामाला बोलवायचे. एक आपल्या मित्राचे वडील, दुसरा त्यांना साथ करू शकेल असा जोडीदार. बाहेरच्या व्याख्यात्याला देतो तेवढे मानधन, राहण्याजेवणाची नीट सोय. सकाळी दोन तास मुलांना संबळ आणि तुणतुणे. दुपारी त्यांनी बोलायचे आणि आपण ध्वनिमुद्रण करायचे. शेवटच्या रात्री गावासमोर पूर्ण आख्यान. ध्वनिमुद्रणाची एक प्रत शाळेला, एक त्यांच्या घरी, आणि पुढे ते कुठे वापरायचे हे तेच ठरवतील. खर्च आपल्या तुकडीने वाटून घ्यायचा. मी माझा वाटा आजच देतो.

पंधरा दिवसांत गोंधळी तयार होत नाही, हे मला कळते. पण चाळीस मुलांतल्या एकाच्या हाताला जरी संबळ लागला, तरी पुरे. आणि दुसरे असे, की वर्गात ‘गोंधळ’ शब्द निघाला की एखाद्या मुलाने मान वर करून म्हणावे, ‘सर, तो माझे आजोबा घालतात.’

सूचनेला अनुमोदन असेल त्यांनी जेवणाआधी मला भेटावे. यादी माझ्या खिशात आहे. सर्व गुरुजनांना वंदन करतो आणि थांबतो.