यथावकाश म्हणजे कधी?

कोरियाचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच गोष्टी चालतात. उत्तरेचा अणुबॉम्बवाला किम, आणि दक्षिणेच्या मोटारी-मोबाईल. मधली रेघ कुणी मारली, हे कुणी विचारत नाही. मी त्या रेघेवर बोलणार आहे.

१९०५ साली अमेरिकेचा टॅफ्ट आणि जपानचा कात्सुरा टोकियोत बसून बोलले. फिलिपिन्स तुमचं, कोरिया आमचा, असा तो मामला. १९१० ला जपानने तो देश गिळला. १९४३ मध्ये कैरोच्या बैठकीनंतर रूझवेल्ट, चर्चिल आणि च्यांग कै-शेक यांनी जाहीर केलं की कोरिया 'यथावकाश' स्वतंत्र होईल. यथावकाश! मालकाच्या तोंडचा हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

ऑगस्ट १९४५. वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्री रस्क आणि बोनस्टील या दोन कर्नलांना अर्धा तास दिला गेला. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा. ३८ व्या अक्षांशावर त्यांनी रेघ ओढली. वर रशिया, खाली अमेरिका. स्टालिनने मुकाट मान्य केलं. एकाही कोरियन माणसाला विचारलं नाही. लढाई हरला जपान, तुकडे झाले कोरियाचे!

१९४८ ला दोन सरकारं झाली. २५ जून १९५० ला स्टालिनचा होकार घेऊन किम इल-सुंगचं लष्कर खाली घुसलं. मग अमेरिका आली, मग चीन आला. तीन वर्षं गावंच्या गावं बेचिराख झाली, लाखोंनी माणसं मेली, आणि रेघ जवळपास होती तिथंच राहिली. २७ जुलै १९५३ चा कागद हा नुसता युद्धविराम. शांतता-करार आजतागायत झालेला नाही. त्या कागदावर दक्षिण कोरियाची सहीसुद्धा नाही.

करार मात्र धडाधड झाले. १९५३ ला दक्षिणेचा अमेरिकेशी, १९६१ ला उत्तरेचे रशियाशी आणि चीनशी. यांना म्हणायचं सुरक्षा. कुणाची? आजही युद्ध पेटलं तर दक्षिणेच्या फौजेचा हुकूम अमेरिकन सेनापतीच्या हातात. उत्तरेत शत्रू दाराशी आहे म्हणत बाप, लेक, नातू गादीवर. दक्षिणेतही तेच भूत दाखवून हुकूमशहांनी तुरुंग भरले, आणि मे १९८० ला ग्वांगजूत लष्कराने आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या. वरचा मोठा देश बदलतो, खालच्या माणसाची पाठ तीच.

यात आपलाही एक धागा आहे. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांना सांभाळायला १९५३ ला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. दक्षिणेच्या सिंगमन रीने या फौजेला आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्या कैद्यांतले ८८ जण म्हणाले, आम्हाला उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवान नको. ते भारतात आले, पुढे बरेचजण ब्राझील-अर्जेंटिनाला गेले. दोन छावण्यांच्या जगात तिसरं दार मागणारी ही माणसं कुणाच्या इतिहासात बसत नाहीत. माझ्या लेखी खरा कोरियन प्रश्न त्यांनीच मांडला.

आणि आज? जून २०२४ ला उत्तरेने पुतिनशी नवा करार केला, आणि तिथली पोरं रशियासाठी कुर्स्कमध्ये मरायला गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला किमने एकीकरणाची भाषाच टाकून दिली. रेघेच्या दोन्हीकडे ताटातूट झालेले भाऊ-बहीण म्हातारे होऊन मरताहेत. त्यांच्या शेवटच्या भेटी २०१८ ला झाल्या.

म्हणून मित्रहो, कुणी सुरक्षेचा करार घेऊन आला की आधी तीन गोष्टी विचारा. हुकूम कोण देणार? मरणार कोण? आणि ज्यांची जमीन आहे, त्यांना विचारलंय का? उत्तर 'यथावकाश' आलं, तर समजा, कुठंतरी नकाशा उघडलेला आहे आणि पेन्सिलीला टोक काढणं चालू आहे.