फटफटी आणि गावचा मिस्त्री



शहरातली पोरं आज जुन्या धाटणीच्या फटफटीमागं लागली आहेत. जावा २०१८ साली पुन्हा बाजारात आली, येझदी २०२२ साली. गोल दिवा, एकच सिलिंडर. त्यांना ती मिरवायला हवी. आपल्याला ती पोटापाण्यासाठी लागायची.

आपली राजदूत आठवा. पावणेदोनशे सीसी, टू-स्ट्रोक, वाल्व्हची भानगडच नाही. पेट्रोलात ऑइल मिसळायचं, मागं सरकीचं पोतं बांधायचं आणि राजूर घाट चढायचा. मध्येच बंद पडली तर प्लग काढला, काचकागदानं घासला, फुंकर मारली, की पुन्हा फटफट सुरू! पेट्रोल फार प्यायची, हे खरं. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा आपणच तिच्याकडे वळलो. कुणाला भाषण करावं लागलं नाही. पण तीही एका सिलिंडरची, आणि गावचा मिस्त्री तीही पाना-पकड घेऊन खोलायचा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कार्बोरेटर गेला, सेन्सर आले. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण मीटरवरचा दिवा पेटला की मिस्त्री म्हणतो, तालुक्याला न्या, तिथं यंत्र लावून दोष बघतात. ऐन कापूसवेचणीत आपला दिवस मोडतो, तो कुणाच्या बिलात दिसत नाही.

नवं तंत्रज्ञान आम्हाला हवंच आहे. ते यंत्र आणि सुटे भाग गावच्या मिस्त्रीलाही खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या विषयात मोटारगाड्या आहेत, शेतीची अवजारंही आहेत. तेव्हा पुढची गाडी घेताना, पैसे मोजण्याआधी, दुकानदाराला विचारा: यातलं काय काय आमच्या गावात दुरुस्त होईल?