काकांचे तारे
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर गाण्याविषयी बोलायला एरवी गाणारी माणसं येतात. आम्हाला सा लावता येत नाही. आम्ही म्हणजे राज्य सरकारच्या एका खात्यातला चाळिशी ओलांडलेला डिप्लोमावाला, त्याचा कॉलेजात जाणारा भाचा आणि शेजारच्या काकू. अध्यक्ष म्हणाले, "ते गाण्यांच्या संगणकाचं काय झालं ते एकदा सगळ्यांना सांगून टाका." म्हणून उभे आहोत.

शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर घरोघरच्या कॅसेटी गोळा करून संगणकावर उतरवायला घेतल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. इंदूरच्या मराठी घरांतून काय काय निघावं! गणेशोत्सवातली नाट्यगीतं, मालवा हाउसच्या आकाशवाणीवरून रेडिओला टेप लावून घेतलेल्या मैफली आणि त्यांच्यामागे कुकरची शिट्टी, बारशाचे पाळणे, कुणाच्या तरी आत्याचं भजन. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. सहा वर्षांत साडेतीन हजारांवर फाइली झाल्या.

हा संगणक आमच्या घरी, जिन्याखाली. त्यावर नॅव्हिड्रोम नावाचा मोफत प्रोग्राम आहे. घरातल्या घरात मोबाइलवर कुठलंही गाणं लावता येतं आणि आवडेल त्याला एक ते पाच तारे देता येतात. भिंतीपलीकडचं काकांचं घर त्याच जाळ्यावर. काका ताऱ्यांच्या बाबतीत कंजूष. पाच तारे मिळवणं म्हणजे त्यांच्याकडे पहिला नंबर येण्यासारखं होतं. गेल्या माघात काका गेले. तेव्हापासून काकू संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मोबाइल घेऊन बसतात आणि काकांच्या पाच ताऱ्यांची यादी लावतात.

आता यातली मेख सांगतो. ते तारे गाण्याच्या फाइलीत नसतात. नॅव्हिड्रोम गाण्याच्या फाइलींना हात लावत नाही. कुणी काय ऐकलं, किती वेळा ऐकलं, किती तारे दिले, कुठल्या यादीत घातलं, हे सगळं तो स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहितो. गाणी म्हणजे वाचनालयातली पुस्तकं आणि डेटाबेस म्हणजे ग्रंथपालाची वही. पुस्तकं उचलून नव्या इमारतीत नेली आणि वही राहिली, तर कोण काय वाचत होतं ते गेलंच.

पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन जुन्या संगणकाची डिस्क कटकट वाजायला लागली. नवा छोटा संगणक घेतला, त्यावर लिनक्स टाकलं. शनिवारी रात्री सगळं कॉपी करून रविवारी पोह्यांच्या वेळेला तयार, असा बेत. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले.

पहिली चूक सर्वस्वी आमची. जुना प्रोग्राम चालू ठेवूनच डेटाबेसची फाइल कॉपी केली. नव्या जागी उघडून पाहतो तो काकूंनी त्याच आठवड्यात केलेली यादी गायब. ऑफिसात काम करणाऱ्यांना हे चटकन कळेल. हा डेटाबेस एसक्यूलाइट पद्धतीचा. तो नवी नोंद लगेच मुख्य वहीत चढवत नाही, शेजारी एक कच्ची वही ठेवतो. तिच्या नावाला शेवटी 'डब्ल्यूएएल' असं शेपूट असतं. सवडीने कच्चं पक्क्यात चढवतो. आम्ही पक्की वही उचलली आणि कच्ची टेबलावर ठेवून आलो. प्रोग्राम नीट बंद केला, मग फाइली पुन्हा नेल्या, काकूंची यादी आली. बंद करायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद आम्ही वाचवले होते.

दुसरी अडचण सरकारी माणसाला शोभणारी. नव्या संगणकावर सगळ्याच गाण्यांपुढे 'सापडत नाही' अशी खूण. फाइली तर समोर दिसत होत्या! त्या आमच्या नावावर होत्या आणि प्रोग्राम चालत होता वेगळ्या नावाने, त्याला फोल्डर उघडायची परवानगीच नव्हती. म्हणजे फाइल टेबलावर, पण बाबूला उघडायचा अधिकार नाही. परवानगी दिली, काम झालं. मात्र इथे एक गोष्ट थोडक्यात टळली. न सापडणाऱ्या नोंदी पुसून टाकायचं बटण तिथेच असतं आणि भाच्याचं बोट त्यावर गेलंच होतं. "मामा, साफ करून नव्याने घेऊ या का?" नोंद पुसली असती तर तिच्यासोबत ताराही पुसला गेला असता. अडचणीच्या वेळी 'साफ करा' असं सुचवणारं बटण दिसलं की आधी चहा प्यावा, असं आमचं मत झालं आहे.

हलवण्याआधी जुन्या संगणकावर मोजणी करून ठेवली होती: काकांची तारेवाली गाणी २१२. नव्यावर भरली १८०. बत्तीस कमी. दोन रात्री आम्ही परवानग्या तपासत होतो, कॉपी तपासत होतो. गाणी होती, वाजतही होती, पण नवी आलेली असावीत तशी, तारा नसलेली. काकूंना सांगितलं नव्हतं, पण त्यांनीच विचारलं, "अरे, ह्यांच्या आईंच्या ओव्या यादीत का नाही रे येत?"

ती फाइल होती 'दळणाऱ्या आईच्या ओव्या'. मग बत्तीस नावं कागदावर उतरवून काकूंपुढे ठेवली. काकू निवृत्त मराठी शिक्षिका. चष्मा लावून त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "बहुतेक सगळ्यांत ऱ्या आहे की."

दर्या आणि दऱ्या यांतला फरक काकूंनी आयुष्यभर मुलांना शिकवला. संगणकात मात्र त्या 'ऱ'चे आणखी दोन प्रकार आहेत. एक अखंड ऱ, आणि दुसरा साधा र अधिक खाली नुक्ता, असे दोन तुकडे. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावं. घोटाळा वाटेत झाला होता. जुनी डिस्क दम टाकत होती म्हणून गाणी आधी भाच्याच्या लॅपटॉपवर घेतली होती आणि तिथली जुन्या पद्धतीची डिस्क नावातली अशी अक्षरं तोडून साठवते. कॅसेटवरून उतरवलेल्या या फाइलींत शीर्षक भरलेलं नव्हतं, प्रोग्राम फाइलीच्या नावावरूनच गाणं ओळखत होता. इंग्रजीत नावं असती तर हे झालंच नसतं. काका हट्टाने मराठीत लिहीत, आणि तो हट्ट आम्हाला आजही बरोबरच वाटतो.

कॉन्व्हएमव्ही नावाचा एक छोटा प्रोग्राम अशी तुटलेली नावं जोडून देतो. त्याचं कौतुक म्हणजे तो आधी काय करणार ते नुसतं दाखवतो, स्पष्ट हुकूम दिल्याशिवाय काही बदलत नाही. हुकूम दिला, एकोणतीस जमली. तीन राहिली, त्या ग़ज़लच्या फाइली. नुक्त्याच्या ज़ आणि ग़ या अक्षरांना युनिकोडचा नियमच वेगळा आहे, एकदा तुटली की ती जोडली जात नाहीत. ती तीन नावं हाताने लिहिली. पुन्हा मोजलं, २१२. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जात्याची घरघर ऐकू आली. आम्ही काही बोललो नाही.

त्यानंतर केलं ते एवढंच. काकांचे तारे आणि कोण गातंय, कुठल्या साली, हे आता गाण्याच्या फाइलींतच भरत आहोत. भाचा रोज रात्री वीस-पंचवीस करतो. डेटाबेसची एक प्रत दर रविवारी आमच्या मेहुण्यांच्या घरी जाते. आणि काकूंनी दोनशे पानी वहीत सगळी यादी शाईने लिहायला घेतली आहे. ती कुठल्याच प्रोग्रामशिवाय उघडते.

पण साडेतीन हजारांपैकी सहाशेच्या आसपास फाइलींवर आजही नुसतं 'कॅसेट ४१, बाजू ब' असं लिहिलेलं आहे. काका असते तर आवाज ऐकून त्यांनी सांगितलं असतं. आपल्यापैकी कुणाला तरी ते आवाज ओळखता येतील. अनंत चतुर्दशी झाली की दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आमच्याकडे त्या लावणार आहोत. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या. जिना चढायचा नाही, संगणक खालीच आहे. कॅसेटी असतील तर त्याही आणा, मात्र फितीवर पांढरी बुरशी दिसली तर घरी लावून पाहू नका, तशीच आणा. चहा काकूंकडे.