मंडळाचे दप्तर आणि खुणांचे लेखन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त येलहंका येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा आमचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. सुवर्णमहोत्सवात नाट्यगीतांवर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे. संगणकावरील लेखन-संपादक कसा सिद्ध करावा आणि त्यात खुणांकित दस्तऐवज कसा लिहावा, हा काय विषय झाला? परंतु मंडळाच्या कपाटातील पन्नास वर्षांचे दप्तर ज्यांनी यंदा उघडून पाहिले, त्यांना हा विषय रूक्ष वाटणार नाही. त्या दप्तरात हस्तलिखित इतिवृत्ते आहेत, सभासदांच्या नोंदवह्या आहेत, कानडी आणि इंग्रजी पावत्या आहेत आणि रौप्यमहोत्सवी अंकाची एक तबकडीही आहे. वह्यांची पाने पिवळी पडली, तरी अक्षर वाचता येते. तबकडी मात्र नव्यासारखी चकचकीत असून तिच्यातील मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी दिसते!

असे का व्हावे? त्या काळी मुद्रणालयांत जे मराठी टंक प्रचलित होते, त्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले असत. काना एका घरात, मात्रा दुसऱ्या घरात, अर्धा ‘क’ तिसऱ्या घरात. आणि ही घरे प्रत्येक कंपनीची निराळी. तो टंक संगणकावर असेल तोवर मजकूर मराठी. टंक गेला की भाषाही गेली. वस्तुतः याला पर्याय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली होती आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह प्रसिद्ध झाली होती. परंतु छापखान्याचा व्यवहार आणि मानकाचा कागद यांची गाठ पडायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. त्या तबकडीतील मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने, छापील अंकाशी ताडून, पुष्कळसा परत मिळवता येईल. आमची चिंता पुढच्या पन्नास वर्षांची आहे.

‘खुणांकित लेखन’ या शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. मजकुराचा कोणता भाग काय आहे हे मजकुरातच खुणेने सांगून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. ही रीत आपल्याला परकी नाही. पेशवाईतील मोडी पत्र पाहा. त्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. तरीही माथ्यावर ‘श्री’, मग मायना, मग ‘विनंती उपरि’ आणि शेवटी ‘हे विनंती’, अशी पत्राची अंगे ठरलेली. वाचणाऱ्या कारकुनाला मुद्दा कोठे सुरू होतो हे शोधावे लागत नसे. पोथ्या लिहिणारे लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७ च्या कोशात तर प्रत्येक नोंद म्हणजे एक आखीव घर आहे. आधी शब्द, मग त्याचे व्याकरण, मग तो संस्कृत की फारसी हे सांगणारे एकच अक्षर, मग अर्थ. शिकागो विद्यापीठाने हा कोश संगणकावर आणला, तेव्हा या आखीवपणाचा किती उपयोग झाला असेल याची कल्पना करता येते.

संगणकाच्या जगात ही कल्पना १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी कायद्याच्या कागदपत्रांसाठी मांडली. ‘हा मथळा ठळक छापा’ असे न लिहिता ‘हा मथळा आहे’ एवढेच लिहावे. ठळक की तिरपे हे छापताना ठरवावे, हे तिचे सार. त्यातून १९८६ चे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि १९९८ च्या फेब्रुवारीत त्याचे सुटसुटीत रूप, एक्सएमएल, प्रसिद्ध झाले. येलहंक्यात तरी हे फार समजावून सांगण्याची गरज पडू नये. येथील विमानतळावर १९९६ पासून ‘एरो इंडिया’ प्रदर्शन भरते आणि आपल्या सभासदांत वायुदलातून निवृत्त झालेले कितीतरी आहेत. पुस्तक उघडल्याशिवाय विमानाचा नट सैल करायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली आहे. विमानांच्या देखभालीची आजची पुस्तके अशाच खुणांच्या मानकांनुसार लिहिली जातात. त्यांतील ‘एस १०००डी’ या मानकाचा पहिला मसुदा १९८९ चा. एक कृती एकदाच लिहायची, तिला क्रमांक द्यायचा आणि जिथे हवी तिथून बोलावून घ्यायची. विमानाला जे लागू, ते गणेशोत्सवाला का लागू नसावे? मूर्तीची मागणी कधी नोंदवावी, पोलीस ठाण्यात कोणता अर्ज द्यावा, महाप्रसादाला किती माणसांमागे किती तांदूळ, हे सारे आज चार-पाच ज्येष्ठांच्या डोक्यात आहे. ते आहेत तोवर ठीक आहे. नवी कार्यकारिणी संगणकाच्या धंद्यातली. तिचे मराठी वाचन अडखळते, पण लेखनाच्या या पद्धती ती रोज वापरते. ज्येष्ठांची माहिती आणि तरुणांची पद्धत एका जागी आणण्यासाठीच हा खटाटोप.

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. पहिली गोष्ट, पत्रे लिहिण्याचा नेहमीचा शब्दप्रक्रियक बाजूला ठेवावा आणि साध्या मजकुराचा संपादक घ्यावा. आमचे स्वतःचे मत ईमॅक्सच्या बाजूचे आहे. तो जुना आहे, रुसका आहे, नवख्याला पहिला आठवडा छळतो. पण त्याच्यात दोन गुण असे आहेत की मराठी लिहिणाऱ्याने त्याचे लाड करावेत. त्यांपैकी एक पुढे येईलच. दुसरा असा की जेम्स क्लार्क यांनी रचलेली एक्सएमएल लेखनाची सोय त्याच्यात आहे. दस्तऐवजाचा आराखडा एकदा दिला की चुकीच्या जागी लिहिलेली खूण लिहिता लिहिताच तांबड्या रेघेने अधोरेखित होते. ज्यांना ईमॅक्स जड वाटेल त्यांनी मायक्रोसॉफ्टचा २०१५ सालचा व्हीएस कोड घ्यावा. घरोघरीच्या मुलांना तो ठाऊक आहे. मात्र कोणताही संपादक घेतला, तरी फाइल यूटीएफ-८ संकेतात साठवली जाते आहे ना, हे आधी पाहावे.

खुणांची नावे इंग्रजीत असलीच पाहिजेत असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. एक्सएमएलमध्ये नावे देवनागरीत देता येतात. आमच्या कार्यपुस्तिकेतील एक नोंद अशी:

<काम वेळ="दोन महिने आधी">
<शीर्षक>मूर्तीची मागणी नोंदवणे</शीर्षक>
<पायरी>शाडूच्या मातीची मूर्ती ठरवावी.</पायरी>
<पायरी>उंची मंडपाच्या दारापेक्षा कमी आहे याची खात्री करावी.</पायरी>
</काम>

दुसरी पायरी वाचून जे हसले, त्यांना ती का लिहावी लागली हे ठाऊक आहे.

या चार-पाच ओळी लिहिताना मात्र मराठी लेखकाची जी कुचंबणा होते, तिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. आपला प्रमाण कळफलक इन्स्क्रिप्ट. त्यात शिफ्ट धरून स्वल्पविरामाची कळ दाबली की कोनी कंस उमटण्याऐवजी ‘ष’ उमटतो. शेजारच्या कळीवर दंड येतो. तारांकनाच्या जागी ‘श्र’ आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण. म्हणजे प्रत्येक खुणेसाठी कळफलक इंग्रजीकडे फिरवा, कंस लिहा, पुन्हा मराठीकडे फिरवा! दहा ओळींत मनुष्य थकतो आणि ‘मराठीत हे जमत नाही’ असा निर्णय देऊन मोकळा होतो. उपाय संपादकातच आहे. एका कळसंयोगाला खुणेची जोडी बांधून ठेवावी, म्हणजे तो दाबताच उघडणारी आणि मिटणारी खूण एकदम उमटते आणि टिंब त्यांच्यामध्ये येऊन थांबते. अशा पंधरा-वीस जोड्या एकदा बांधल्या की कोनी कंसाचे तोंड पाहावे लागत नाही. ईमॅक्सचा राहिलेला गुण तो हाच: त्याच्यात इन्स्क्रिप्ट अंगचाच आहे. संगणकाचा कळफलक इंग्रजीच ठेवून आतल्या आत मराठी लिहिता येते, त्यामुळे त्याच्या आज्ञांच्या कळा बिघडत नाहीत.

इन्स्क्रिप्ट शिकायला कंटाळणाऱ्या तरुणांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी समान ठेवलेली आहे. ज्या कळीवर मराठी ‘क’, त्याच कळीवर कानडी ‘क’. येथे जन्मलेल्या मुलांनी एकदा हात बसवला की आजीला मराठीत आणि शाळेच्या बाईंना कानडीत, दोन्हीकडे तेच बोट चालते. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला याहून सोयीचे काय हवे?

आता मराठीपुरत्या दोन बारीक गोष्टी. त्या आधी ठरवून घेतल्या नाहीत, तर नोंदवही असून नसल्यासारखी होते. पहिली, ‘कऱ्हाड’ या शब्दातील र. तो संगणकावर दोन प्रकारांनी लिहिता येतो. एकात युनिकोडने खास दिलेला ‘ऱ’ वापरून हलन्त द्यावा लागतो, तर दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे; यंत्राला दोन वेगळे शब्द. सभासदांच्या यादीत ‘कऱ्हाडकर’ शोधावे आणि निम्मी कुटुंबे सापडूच नयेत, हे यामुळे घडते. तीच कथा ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्यापूर्वीच्या आणि काही प्रमाणात नंतरच्याही मजकुरात ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. आम्ही एक रूप ठरवून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. संशय आला की ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि त्यानंतर बरोबरचे चिन्ह दाबावे. टिंबाखालच्या अक्षराचा संकेतांक खाली दिसतो.

दुसरी गोष्ट, भाषा सांगण्याची. मजकूर कोणत्या भाषेत आहे हे खुणेने सांगण्याची सोय असते. लोक ती आळसाने टाळतात. परंतु मराठीतील पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीतील दंडाचा ‘ल’ यांचा संकेतांक एकच आहे. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी आहे असे सांगितले, तरच मराठी वळण उमटते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयाने या वळणांचा आग्रह धरला. तो पाळायचा तर भाषेची खूण हवी. आपल्या दप्तरात तर एकाच पानावर मराठी, कानडी आणि इंग्रजी नांदतात. याच बंगळुरात शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. त्यात अनेक भाषांतील कवने आहेत आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ साली संपादून छापला. बहुभाषी दस्तऐवजाची परंपरा या भूमीत आपल्या आधीपासून आहे, एवढेच सांगावयाचे.

किरकोळ सूचना भराभर सांगतो. दुकानांच्या नावांत येणारी ‘&’ ही खूण एक्सएमएलमध्ये जशीच्या तशी चालत नाही; ‘आणि’ लिहावे, भांडण मिटते. शुद्धलेखन-तपासनीस लावावा, पण त्याच्या तांबड्या रेघांनी घाबरू नये. ‘मंडळाच्यासुद्धा’ असा प्रत्ययांचा डोलारा पाहून तो बिचारा गांगरतो. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे. ब्रायन कर्निगन यांनी १९७४ सालीच हा सल्ला देऊन ठेवला आहे आणि लिनस टोरवाल्ड्स यांच्या २००५ सालच्या गिट या साधनात तो फार उपयोगी पडतो. कोणते वाक्य कोणी, कधी बदलले हे नेमके दिसते. हरताळ फासला, तरी खालचे अक्षर जात नाही. सभेच्या इतिवृत्तावरून होणारे आपले वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

एक मतभेदाचा मुद्दा उरतो. साऱ्या दप्तराला कडक एक्सएमएल हवे काय? आमच्यापैकी काहींना तसे वाटते. आम्हां बहुतेकांना वाटत नाही. सभासद-नोंद आणि कार्यपुस्तिका यांना आराखडा हवाच. परंतु आठवणी, प्रवासवर्णने, मुलांचे निबंध यांना २००४ सालच्या मार्कडाऊनसारखी हलकी खुणांची पद्धत पुरते. तिथे मथळ्यापुढे एक खूण, परिच्छेदांमध्ये एक कोरी ओळ, की काम झाले. सत्तरी ओलांडलेल्या वहिनींनी आठवणी लिहायला घ्याव्यात आणि पहिल्याच पानावर यंत्राने त्यांना तांबड्या रेघांनी दटावावे, हे आम्हांला मंजूर नाही. त्यांनी बोलावे, नातवंडांनी लिहावे, खुणा मागाहून घालता येतात.

काम सुरू झाले आहे. पहिल्या पाच वर्षांची इतिवृत्ते टंकून झाली. सहाव्या वर्षाची वही कपाटात नाही. ती कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत असेल, तर कृपा करून आणून द्यावी. वही निळ्या पुठ्ठ्याची आहे आणि तिच्या शेवटच्या पानांवर त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला आलेल्या भगिनींची नावे आहेत, असे ज्येष्ठ सांगतात.