मूत्रपिंडाचा विकार आणि कंबरेचा घेर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गात आपण जमिनीचा, पाण्याचा, रोजगाराचा विचार करतो. आज मला जो विषय देण्यात आला आहे तो वरकरणी डॉक्टरांच्या प्रांतातला वाटेल. शरीरात चरबी कोठे साठते आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार वाढत जाण्याशी तिचा संबंध काय, असा हा विषय आहे. परंतु डायलिसिसवरील रुग्णांसाठी अर्ज लिहिणे, दाखले गोळा करणे, रुग्णालयात खेटे घालणे हे काम आपल्यापैकी पुष्कळांनी केलेले आहे. आपली आणि त्या रुग्णाची गाठ पडते ती बहुधा रोगाच्या अखेरच्या टप्प्यावर. त्याआधीची कित्येक वर्षे रोग मुकाट्याने वाढत असतो. त्या वर्षांत काय घडते, आणि काय करता येण्याजोगे असते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम मूत्रपिंडाची रचना ध्यानात घेऊ. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा शरीराला परत करतात. हे नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात. गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ही घडण पुरी होते, आणि पुढे जन्मभर एकही नवा नेफ्रॉन निर्माण होत नाही. काही नेफ्रॉन निकामी झाले की त्यांचे काम उरलेल्यांच्या अंगावर पडते. जादा ताणाने तेही झिजतात आणि त्यांच्या जागी वण उरतो. माणसे कमी करून उरलेल्यांकडून तेवढेच उत्पादन काढणाऱ्या कारखान्यात जे होते, तेच येथे होते. म्हणूनच हा विकार एकदा सुरू झाला की बऱ्याच रुग्णांत तो स्वतःच्याच गतीने पुढे सरकतो. अंगावर सूज, धाप, मळमळ ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा मूत्रपिंडाची बरीचशी शक्ती आधीच गेलेली असते.

आता चरबीकडे वळू. एखादा मनुष्य लठ्ठ आहे की नाही हे आपण वजनावरून ठरवतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांची, १८३०च्या दशकातली. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी तिला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. हा निर्देशांक सोपा आहे, परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. त्या वजनात हाडे व स्नायू किती, चरबी किती, आणि ती चरबी कोठे आहे, हे त्यातून कळत नाही. चरबीच्या जागेला महत्त्व आहे ही गोष्ट फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. जाँ व्हाग यांनी १९४७ साली प्रथम ठामपणे मांडली. नितंब व मांड्यांवर चरबी असलेल्या माणसांपेक्षा धडाच्या वरच्या भागात चरबी साठलेल्यांना मधुमेह, रक्तवाहिन्यांचे रोग, संधिवाताचा गाऊट हा प्रकार आणि युरिक आम्लाचे मुतखडे अधिक होतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला मान्यता मिळण्यास काही दशके जावी लागली.

कातडीखालची चरबी आणि पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेली चरबी ह्यांचे वर्तन भिन्न असते. आतली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो आणि दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात. मूत्रपिंडाच्या गाळणीला जपणाऱ्या अ‍ॅडिपोनेक्टिन ह्या द्रव्याचे प्रमाण घटते. रक्तदाब वाढवणारी आणि मीठ धरून ठेवणारी यंत्रणा चेतवली जाते. गाळणीत शिरणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, ती गरजेपेक्षा जास्त गाळू लागते, आणि अखेर तिच्यातून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. शिवाय मूत्रपिंडाच्या खोबणीतही चरबी साठू शकते, आणि तेथील रक्तवाहिन्यांवर दाब पडतो. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब ह्या दोन मोठ्या वाटांनी पोटातली चरबी मूत्रपिंडापर्यंत पोहोचतेच, पण तिच्या स्वतःच्या आडवाटाही आहेत.

ही केवळ उपपत्ती नव्हे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहरात मधुमेह नसलेल्या साडेसात हजारांहून अधिक नागरिकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. कंबर व नितंब ह्यांच्या घेरांचे गुणोत्तर जास्त असलेल्यांत मूत्रपिंडाचे कार्य बिघडल्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि हे सडपातळ माणसांतही दिसले. २००८ साली अमेरिकेतील दोन मोठ्या पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासातही नव्याने होणाऱ्या मूत्रपिंडविकाराशी ह्याच गुणोत्तराचा संबंध दिसला. बॉडी मास इंडेक्सचा तसा दिसला नाही.

येथवर परदेशची उदाहरणे झाली. आपल्याकडची परिस्थिती ह्याहून बिकट आहे, आणि तिचा उलगडा पुण्यात झाला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच होता, २२.३. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. ‘लॅन्सेट’ने २००४ साली हे छायाचित्रासह छापले. त्याआधी, १९९३पासून, पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला होता. त्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपल्या बालकांचे स्नायू तोकडे होते, पोटातले अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

ह्याला दुसरा धागा जोडा. बॅरी ब्रेनर या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली असे मांडले की कमी वजनाच्या बालकात नेफ्रॉनांची संख्याच जन्मतः कमी असते, आणि पुढे रक्तदाब व मूत्रपिंडविकार ह्यांचा धोका त्यातून वाढतो. पुढील संशोधनाने ह्या विचाराला बळकटी आणली. शेतावर राबणारी आई अर्धपोटी राहते. तिचे मूल गाळण्यांचे भांडवल कमी घेऊन जन्माला येते, आणि चरबी पोटात साठवण्याची प्रवृत्तीही बरोबर घेऊन येते. पुढे हेच मूल शहरात येते, बसून वा रात्रपाळीचे काम करते, भात, पाव, साखरेचा चहा आणि स्वस्त तेलात तळलेले पदार्थ ह्यांवर पोट भरते. त्याचे हातपाय काटकुळे राहतात आणि पोट सुटते. वजनकाटा त्याला निर्दोष ठरवतो. इकडे अपुऱ्या गाळण्यांवर वाढीव भार पडत राहतो.

आपल्या व्यंगचित्रांतला भांडवलदार नेहमी ढेरपोट्या असतो. ढेरी ही सुबत्तेची खूण, असे आपणही मानत आलो. ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक निर्देशांकानुसार लठ्ठ ठरतात, तर पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. ह्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे वजनकाट्याने नजरेआड केलेली माणसे. त्याच पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख अंदाजिली आहे.

मग करावयाचे काय? हे मोजण्याला यंत्र लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. फीत नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घेऊन ती मधोमध दुमडावी. ती कंबरेभोवती पुरली पाहिजे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा निकष ब्रिटनमधील अधिकृत संस्थेने २०२२ साली स्वीकारला आहे.

आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील नागरिकांचा जो तक्ता भरतात, त्यात कंबरेच्या घेराचा रकाना आहेच. आपला आग्रह असा हवा की तो अंदाजाने न भरता मोजून भरला जावा, त्यासाठी आशांना पुरेसे मानधन व वेळ मिळावा, आणि घेर जास्त आढळलेल्या माणसाचा रक्तदाब व साखर ह्यांबरोबर लघवीही तपासली जावी. गरोदर स्त्रियांसाठी वापरतात ती प्रथिनांची पट्टी येथेही उपयोगी आहे. मात्र अगदी सुरुवातीची गळती तिला दिसत नाही. त्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन ह्यांचे गुणोत्तर प्रयोगशाळेत काढावे लागते. ती सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी, ही मागणी अवास्तव नाही. गळती वेळीच कळली तर औषधे आहेत. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन ह्या जुन्या व स्वस्त गोळ्यांनी रोगाची गती मंदावते. डॅपाग्लिफ्लोझिन ह्या नव्या औषधाचा उपयोग मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही होतो हे २०२० साली सिद्ध झाले. त्याच वर्षी भारतात त्याचे पेटंट संपले, आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात येऊन किंमत उतरली. मक्तेदारी संपण्याचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने काय असतो, हे ह्यावरून दिसते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. घेर ही धोक्याची सूचना आहे, निदान नव्हे. पोट सपाट असलेल्यालाही मूत्रपिंडविकार होऊ शकतो. तसेच पोट सुटलेल्या श्रमिकाला ‘कमी खा’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. त्याला स्नायूंची तूट असते. डायलिसिसवरील रुग्णांत भरल्या अंगाची माणसे अधिक जगतात असे आढळते, पण त्यांच्यातही मोठ्या घेराची माणसे लवकर दगावतात, हे इटलीतील २००९च्या अभ्यासाने दाखवले. तेव्हा चरबी घटावी आणि स्नायू टिकावेत, असा आहार व व्यायाम हवा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला, डाळीचा दिला नाही. गर्भवतीच्या ताटातील डाळ, अंडे, दूध आणि तिची विश्रांती ह्यांचा प्रश्न चाळीस वर्षांनंतरच्या डायलिसिसशी जोडलेला आहे.

२०१६पासून केंद्राच्या योजनेतून गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळू लागले. हे चांगलेच झाले. परंतु आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाची मजुरी कोण भरून देणार? त्या खाटेपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या कमी करणे हेही आपलेच काम आहे. पुढच्या महिन्यात आपापल्या वस्तीतील आरोग्य उपकेंद्रात जाऊन तेथे फीत आहे का, पट्टी आहे का, आणि त्या वापरल्या जातात का, एवढे पाहून यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.