गाडीतली ती बाई



आमच्या सासूबाईंना एका सिनेमातलं एकच दृश्य आठवायचं. आगगाडीत बसलेली बाई. सिनेमाचं नाव काही आठवेना. "नवऱ्याकडं परत निघाली होती बघ ती," एवढं मात्र ठामपणे सांगायच्या.

बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. कर्जाचे हप्ते राहिले बाजूला! एक म्हणाली, 'माहेरची साडी'. सासूबाई म्हणाल्या, "छे, ही रडत नव्हती." मग आम्ही एकेक विचारत गेलो. रंगीत होता? हो. गाणी? लताबाईंची. अजून काय? बायकांचा आश्रम, आणि ही तिथली मुख्य बाई. आश्रम म्हटल्याबरोबर आमच्या अंगणवाडीताई उठल्याच, "अहो, 'उंबरठा'! स्मिता पाटील!"

जब्बार पटेलांचा सिनेमा, १९८२ सालचा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. रात्री लेकाच्या मोबाईलवर लावला. सुलभा आश्रमाची नोकरी सोडून घरी येते, तर नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी जुळलेलं. तो काही तिला घराबाहेर काढत नाही बरं का. तीच निघते. शेवटी गाडी, आणि गाडीत ती.

"अगं, ही तर घर सोडून चालली," सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प.

"तेव्हा मी भांडून माहेरी गेले होते. तिथंच बघितला हा. दुसऱ्या दिवशी भावानं इथं आणून सोडलं मला."

मी मोबाईल बंद करायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. शेवट पुन्हा लाव."