आवाज येतो, शब्द कळत नाहीत



दिवाळीनंतर आमच्या बचत गटाची बैठक पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर भरली. आत गिरणी चालू, रस्त्यावर रिक्षा, आणि आम्ही सगळ्या एकदम बोलणाऱ्या. महिन्याचा हप्ता वाढवायचं ठरलं. आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशींनी मान हलवली, सही केली. हप्त्याच्या दिवशी मात्र म्हणाल्या, “हे कधी ठरलं?” आम्ही चिडलो. “मावशी, तुम्ही समोरच तर होतात!” तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “आवाज येत होता गं, शब्द कळत नव्हते. दरवेळी काय विचारायचं, म्हणून मान हलवली.”

आमच्यातल्या काहीजणी बदलापूरहून लोकलने उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जातात. लेडीज डब्यात गाडीचा खडखडाट, कुणाचं भांडण, अंबरनाथला चढणाऱ्यांचा गलका. तरी शेजारणीची गोष्ट नीट कळते. कशी?

कान सगळेच आवाज आत घेतात. निवडायचं काम मेंदूचं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि मोठा येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. शेजारणीचा आवाज ओळखीचा असतो, त्याचा धागा तो धरून ठेवतो. ओठांकडे बघून मदत घेतो. आणि बुडालेला शब्द मागच्यापुढच्या बोलण्यावरून भरून काढतो.

पण त्यालाही मर्यादा आहे. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली लोकांच्या एका कानात एक बोलणं आणि दुसऱ्या कानात दुसरंच ऐकवलं. एका कानातलं त्यांनी बरोबर म्हणून दाखवलं. दुसऱ्या कानातला आवाज बाईचा की पुरुषाचा, एवढं सांगता आलं. काय बोललं, ते सांगता आलं नाही.

वय वाढलं, किंवा वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात काम केलं, की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक, तीक्ष्ण आवाज: स, श, फ, त. मग वीस की तीस, कळत नाही. शांत घरात माणूस नीट बोलतो, गर्दीत मात्र हरवतो. आपण म्हणतो, “हवं तेवढंच ऐकू येतं यांना!” तसं नसतं. ओरडूनही फायदा नाही, शब्द आणखी फाटतो.

असं कुणाचं होत असेल तर सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्या. कधी कानात नुसता मळही असतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. यंत्र मिळालं तरी ते गलकाही थोडा मोठा करतं, म्हणून जवळ बसून बोलणं सोडू नका.

आम्ही आता गिरणी बंद झाल्यावर बसतो. एका वेळी एकच बोलते. मावशी पुढे बसतात, बोलणारीच्या तोंडावर उजेड असतो. “कळलं का?” असं आम्ही विचारत नाही, कारण त्यावर मान हलतेच. “काय ठरलं ते सांगा,” म्हणतो, आणि सही त्यानंतर.

मागच्या बैठकीत हप्त्याचा विषय पुन्हा काढला. मावशींनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, “मला नाही झेपणार.” आणखी दोघींनी धीर केला. हप्ता पहिल्याइतकाच ठेवला.